गाडी खाली होण्याआधी बोला: परदेशातल्या स्वस्त बोट-सहलीत फसायचं नसेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. वरुड तालुक्यातले नऊ संत्रा बागायतदार आंबिया बहाराचा माल निघाल्यावर, मृगाच्या तोड्याआधी, म्हणजे दोन पिकांच्या मधल्या सवडीत, जानेवारीत व्हिएतनाम आणि थायलंडला निघालेत. हनोईहून 'हा लाँग बे' (व्हिएतनामची एक खाडी, 'हा' तिच्या नावातलाच), एक रात्र बोटीवर, माणशी 60 डॉलर असा भाव त्यांना व्हॉट्सॲपवर आला आहे. शेजारच्या गावातल्या एका ग्रुपला बोटीवर 'लुटलं' असं त्यांच्या कानावर आहे. घ्यायची काळजी कोणती, आणि फसलोच तर भांडायचं कसं, असं त्यांनी विचारलं आहे.

भाऊ, मी आर्वीकडचा. घरी कापूस. 2010 पासून दहा-पंधरा जणांचे ग्रुप घेऊन बाहेर जातो, बहुतेक शेतकरी, रिटायर्ड मास्तर, एसटीतले लोक. बोटीवर मी स्वतः तीनदा चांगला फसलो आहे, त्यातल्या दोन गोष्टी खाली सांगतो.

पण तुम्हाला बोटीपेक्षा बगीच्यातलं लवकर समजेल. व्यापारी येतो, झाडावरचा माल पाहतो, भाव ठरतो, विसार देतो. मग तोड्याला माणसं लावतो आणि वरचा, रंग आलेला, मोठा माल उतरवून झाला की म्हणतो, 'नागपूरची मंडी पडली, आता ह्या भावात परवडत नाही.' अर्धा माल तुटलेला, अर्धा झाडावर. तुम्ही काय करणार? आमच्याकडे कापसाची गाडी जिनिंगमध्ये अर्धी खाली झाली की ओलाव्याची कटती, म्हणजे ठरलेल्या पैशातली कपात, निघते. फाटकाबाहेर उभी असते तोवर निघत नाही. बोटीचा सगळा धंदा ह्याच जागेवर चालतो. काठावर तुम्ही गिऱ्हाईक असता. दोर सुटला की तुम्ही माल. पाण्याच्या मधोमध 'आम्ही चाललो दुसरीकडे' म्हणता येत नाही, एवढाच फरक आहे, आणि बोटवाल्याला तो तुमच्यापेक्षा चांगला माहीत असतो.

म्हणून माझं सगळं उत्तर काठावरच्या कामाचं आहे. बोटीवर चढल्यावर करण्यासारखं फार थोडं उरतं.

आधी तो 60 डॉलरचा भाव. हनोईपासून हा लाँग दीडशे किलोमीटरच्या वर. जाऊन-येऊन बस, खाडीत शिरायचं सरकारी तिकीट (रात्री मुक्काम असला तर ते आणखी महाग), खोली, तीन-चार वेळचं जेवण, गाइड, डिझेल. ह्याची बेरीज करून बघा. बऱ्यापैकी बोटीवरची एक रात्र साधारण शंभर डॉलरच्या पुढेच जाते. 60 मध्ये कोणाचंच भागत नाही, म्हणजे उरलेले पैसे कुठून तरी निघणार आहेत. कुठून निघतील हे आधी माहीत असलं तर निम्मी फसवणूक तिथेच संपते. बाजारात सोयाबीनचं बियाणं निम्म्या भावात मिळालं तर आपण पहिले पिशवीवरचं लेबल पाहतो ना? इथे लेबल म्हणजे बोटीचं नाव.

हा लाँगची सगळ्यात जुनी खोड बोट बदलण्याची. फोटो एका बोटीचा, चढवतात दुसरीवर. माझ्या बाबतीत 2016 मध्ये झालं. हनोईच्या जुन्या पेठेतल्या एका ऑफिसातून मी बारा जणांचं बुकिंग केलं होतं. नाव एका नावाजलेल्या कंपनीसारखंच, पाटीचा रंगही तोच. त्या गल्लीत तसल्या नावाची आणखी तीन ऑफिसं आहेत हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. धक्क्यावर गेलो तर गाइड म्हणाला, तुमची बोट 'टेक्निकल'मुळे बंद, ही बोट घ्या, 'सेम सेम'. खोल्यांना ओल आलेली, एका खोलीचं दार आतून लागत नव्हतं, आणि पावतीवर बोटीचं नाव लिहिलेलंच नव्हतं. 'डिलक्स जंक' एवढंच, जंक म्हणजे तिकडची शिडाची बोट. मी भांडणार कशाच्या जोरावर? बारा जण बॅगा घेऊन उभे, परतायला बस नाही. चढलो.

तेव्हापासून पैसे देण्याआधी मी तीन गोष्टी लिहून मागतो आणि त्या आल्याशिवाय विसारही देत नाही. बोटीचं पूर्ण नाव. बोटीचा नंबर, तिकडच्या बोटींवर तो क्यू एन अशा अक्षरांनी सुरू होऊन ठळक रंगवलेला असतो. आणि एक ओळ: ही बोट नाही मिळाली तर तेवढ्याच दर्जाची दुसरी, नाहीतर धक्क्यावरच पूर्ण पैसे परत. खरा धंदेवाला हे पाच मिनिटांत पाठवतो. ज्याच्याकडे बोटच ठरलेली नाही तो 'डोन्ट वरी सर' पाठवतो. 'डोन्ट वरी' आलं की पुढचा बघा. नंबर हाताशी आला की बोटीचं नाव टाकून लोकांनी काढलेले फोटो शोधा. कंपनीने टाकलेले नाही, लोकांनी काढलेले. संडासाचा फोटो सापडला तर सोन्याहून पिवळं.

विसार वीस-तीस टक्क्यांच्या वर देऊ नका, आणि जमलं तर कार्डाने द्या. कोणाच्या खासगी खात्यात किंवा आपल्याकडच्या 'ओळखीच्या' एजंटाकडे रोखीने पूर्ण पैसे मुळीच नाही. पहिली ठगी हनोईत होत नाही भाऊ, ती तालुक्याच्या गावीच होऊन गेलेली असते. 'क्रूझ इनक्लुडेड' लिहिलेलं असतं, आणि तिथे गेल्यावर कळतं की क्रूझ म्हणजे दुपारी चार तासांची जेवणाची बोट, रात्र किनाऱ्यावरच्या लॉजमध्ये. दोन्हीला क्रूझच म्हणतात, त्यामुळे खोटं बोललं असंही म्हणता येत नाही. 'रात्रीचा मुक्काम बोटीवर, खोलीत' एवढे शब्द मराठीतच लिहून घ्या एजंटाकडून, सही सकट. व्हिसाचंही तेच. व्हिएतनामचा ई-व्हिसा तिथल्या सरकारी साइटवर एका प्रवेशाला 25 डॉलरचा आहे. त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या साइटी दुप्पट-तिप्पट घेतात आणि तुमच्या पासपोर्टची प्रत त्यांच्याकडे राहते ती वेगळीच.

बोटीवर पैसे कुठे निघतात ते आता. स्वस्त बोटीची खरी कमाई प्यायच्या वस्तूंवर असते. जेवण भाड्यात, पाणी नाही. बाहेरून बाटली नेली तर 'कॉर्केज' म्हणून वेगळे पैसे लावतात, पाण्याच्या बाटलीलाही लावणारे पाहिले आहेत. कयाक, म्हणजे आपण स्वतः वल्हवायची छोटी होडी, 'फ्री' लिहिलेली असते आणि तिथे गेल्यावर बांबूची होडी तेवढी फ्री निघते, नाहीतर उलटं. ही लूट नाही. हा त्यांचा हिशेब आहे, आणि विचारलं तर बहुतेक जण खरं सांगतात. आपण विचारत नाही कारण परदेशात पाण्याचा भाव विचारणं आपल्याला गरिबीचं वाटतं. तहसीलमध्ये शिक्क्याचे पैसे किती हे विचारतोच ना, तसंच विचारा. चढायच्या आधी एकदा, सगळ्यांसमोर: पाणी किती, बिअर किती, बाहेरची बाटली आणली तर किती, कयाक धरून की वेगळी, टिप धरून की वेगळी. उत्तर मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा, त्याला दाखवून. लपवून केलं तर त्याचा राग येतो. दाखवून केलं की भाव आपोआप खरा निघतो.

रात्रीच्या बिलात एक आणखी गंमत आहे. व्हिएतनामच्या नोटा प्लास्टिकच्या, आणि 20 हजारांची नोट निळी, 5 लाखांचीही निळसर. 10 हजारांची आणि 2 लाखांची पण रात्रीच्या दिव्यात मावसबहिणीच दिसतात. 1 रुपयाला साधारण 300 डोंग धरा. म्हणजे 20 हजार हे आपले 65-70 रुपये आणि 5 लाख म्हणजे सोळाशेच्या वर. बारच्या मिणमिणत्या दिव्यात आमच्या एका मास्तरांनी दोन कोकचे म्हणून दोन निळ्या नोटा दिल्या. दोन्ही 5 लाखांच्या. पोराने घेतल्या, हसला, थँक्यू म्हणाला. मास्तर खोलीत येऊन पाकीट मोजतात तर सव्वातीन हजारांचा खड्डा. ते गणिताचे मास्तर होते, तीस वर्षं शून्यं शिकवली त्यांनी. ह्याला मी फसवणूकही म्हणत नाही, त्या पोराने मागितल्या नव्हत्या. तेव्हापासून ग्रुपमधल्या प्रत्येकाला मी विमानातच दोन लिफाफे देतो. 5 लाख आणि 2 लाखांच्या नोटा एकात, चड्डीच्या आतल्या खिशात. बाकी सुटे वरच्या खिशात. बोटीवर फक्त वरचा खिसा उघडायचा. हिशेबाची सोपी रीत: शेवटचे तीन शून्य खोडा, उरलेल्याला सव्वातीनने गुणा. पन्नास हजार म्हणजे 50, म्हणजे एकशेसाठ-पासष्ट रुपये. रानात बसून दहा वेळा करून बघा, तिथे बोटीवर सुचत नाही.

बस रस्त्यात अर्ध्या वाटेवर भरतकामाच्या, दगडी मूर्तींच्या मोठ्या दुकानासमोर थांबेल. परत येताना मोत्यांच्या कारखान्यापाशी. तिथे कमिशन आहे. लघवी करा, चहा प्या, बसमध्ये बसा. ह्याच्यावर मी जास्त शब्द खर्च करत नाही.

तुम्ही थायलंडमध्ये पट्टायाला जाणारच, सगळेच जातात, म्हणून माझी दुसरी गोष्ट सांगतो. 2011. चौदा जण. हॉटेलातल्या एका माणसाने 'कोरल आयलंड, जेवणासकट' म्हणून स्वस्तात तिकिटं दिली. किनाऱ्यावरून स्पीड बोट निघाली, सगळे खूश. दहा-पंधरा मिनिटांत समुद्रात मधोमध एक तरंगता लाकडी फलाट, त्यावर पॅराशूट उडवणारी पोरं. बोट तिथे लागली. आम्हाला वाटलं, पाहायला थांबलीय. पोरांनी हात धरून लोकांना वर घेतलं आणि बोटवाल्याने इंजिन बंद केलं. 'वन पर्सन सिक्स हंड्रेड.' आम्ही म्हणालो, आम्हाला उडायचं नाही, बेटावर न्या. तो म्हणाला, सगळे उडले की निघू. ऊन असं की फलाटाचं लाकूड चटके देत होतं. लाटेवर फलाट हलतोय, आमच्या एका काकूंना मळमळायला लागलं, त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला होता. अर्धा तास गेला. कोणी ओरडलं नाही, कोणी धमकावलं नाही. नुसतं थांबवून ठेवलं. शेवटी आठ जणांनी पैसे दिले, इंजिन सुरू झालं.

परत आलो तर धक्क्यावर एक बाई चिनी मातीच्या ताटल्या घेऊन उभी. प्रत्येक ताटलीवर आमचाच फोटो. सकाळी चढताना कोणीतरी टिपले होते. शंभर बाथ. मी सांगितलं, कोणी घेऊ नका. काकू हटेचनात. म्हणाल्या, "माह्या तोंडाचा फोटो त्या बाईपाशी काहून राहू देऊ? कुठी कचऱ्यात फेकन ते." घेतली. आजही त्यांच्या शोकेसमध्ये आहे ती ताटली, आणि खरं सांगू, त्या सहलीतली तेवढीच वस्तू टिकली.

ह्याचा तोड अगदी सोपा आहे, तेव्हा मला माहीत नव्हता. पट्टायाच्या बाली हाय धक्क्यावरून कोह लानला, म्हणजे त्याच कोरल आयलंडला, सरकारमान्य मोठी फेरीबोट जाते, भाडं 30 बाथ, म्हणजे आपले ऐंशी-नव्वद रुपये. अर्धा-पाऊण तास लागतो. मधे कुठे थांबत नाही. गावातल्या लोकांसोबत, भाजीच्या टोपल्यांसोबत जाता. स्पीड बोटच हवी असेल तर तिकिटावर 'नो स्टॉप, डायरेक्ट आयलंड' लिहून घ्या आणि अर्धे पैसे बेटावर उतरल्यावर द्यायचे ठरवा. अर्धे पैसे तुमच्या खिशात असले की इंजिन बंद पडत नाही.

जेट-स्कीबद्दल एकच वाक्य: घेऊ नका. परत आणल्यावर जुना ओरखडा दाखवून हजारो बाथ मागतात, तोवर चार जण भोवती उभे राहिलेले असतात. तरुण पोरं सोबत असतील आणि ऐकतच नसतील तर आधी चारी बाजूंनी, खालून सुद्धा, व्हिडिओ काढा. पासपोर्ट अनामत म्हणून कोणालाही देऊ नका, स्कूटरवाल्यालाही नाही. पासपोर्ट गेला की मग भाव तो सांगेल तो.

बँकॉकला राजवाड्यापाशी नीटनेटका माणूस येऊन गोड बोलेल, 'आज बंद आहे, पूजा आहे, तोवर बोटीने फिरून या.' राजवाडा रोज साडेआठला उघडतो. त्याने ठरवून दिलेला टुकटुकवाला (तिकडचा रिक्षावाला) तुम्हाला खासगी धक्क्यावर नेतो आणि तिथे लांबड्या होडीचे माणशी हजार-दीड हजार मागतात. त्याच नदीवर नारिंगी झेंड्याची सार्वजनिक बोट पंधरा-वीस बाथमध्ये चालते. तरंगत्या बाजारालाही हाच प्रकार. दामनोन सदुआकला ड्रायव्हर अलीकडच्या धक्क्यावर उतरवून 'होडीशिवाय बाजार दिसत नाही' म्हणतो. दिसतो. कालव्याच्या काठाने चालत जाता येतं. फी फी बेटांना गेलात तर राष्ट्रीय उद्यानाचे परदेशी माणसाला 400 बाथ असतात, ते स्वस्त तिकिटात बहुतेक धरलेले नसतात, बोटीवर मागितले तर ती लूट समजू नका. पावती मागा. तिथल्याच माया बे ह्या किनाऱ्याला आता बोट समोरून लागत नाही, मागच्या खाडीतून उतरवतात, आणि तिथे पोहायला मनाई आहे. 2018 ते 2022 तो किनारा बंदच ठेवला होता, प्रवाळ वाचवायला. 'आमच्या बोटवाल्याने समोरून नेलं नाही' म्हणून एका ग्रुपने वाद घातल्याचं मला माहीत आहे. तिथे बोटवाला बरोबर होता.

ह्यावरून आठवलं. प्रत्येक जादा पैसा म्हणजे ठगी, ह्या डोक्याने जाऊ नका, सहल कडू होते. हनोईच्या खाली निन्ह बिन्हला ताम कॉक आहे. भाताच्या वावरातून नदी, दोन्ही बाजूंना कडे, तीन गुहांखालून होडी जाते. होडी चालवणाऱ्या बहुतेक बाया, गावातल्याच, आणि त्या वल्हं पायाने मारतात. मागे रेलून, तळपायाने, सायकल मारल्यासारखं. पहिल्यांदा पाहणारा माणूस त्या पायांकडेच पाहत राहतो. शेवटच्या गुहेपलीकडे वळायच्या जागेला होड्यांमधून थंड पेयं विकणाऱ्या बाया येतात. तुम्ही नको म्हटलं की म्हणतात, 'तुमच्यासाठी नको तर हिच्यासाठी घ्या, किती दमली बिचारी.' आमच्या एका गुरुजींनी दोन कोक घेतले, तिला दिले. तिने हसून पायापाशी ठेवले, फोडले नाहीत. परत निघालो, गुरुजी मागे वळून बघत राहिले. वळणावर दुसरी होडी आली, आमच्या बाईने ते दोन डबे तिच्या होडीत टाकले आणि घडी केलेली नोट तिच्या हातातून घेतली. गुरुजी मला म्हणाले, "बापा, हे तं आपल्या गावच्या जत्रेतल्या नारळासारखं झालं. देवीले वाहलेलं नारळ मागच्या दारानं पुन्हा दुकानात." मग होडीतून भरतकामाचे रुमाल निघाले, मग टिप. आमच्यातले दोघे चिडले.

मी नाही चिडलो. त्या बाईला होडीची पाळी रोज येत नाही, तिकिटातला तिचा वाटा थोडा, दीड-दोन तास पायाने वल्हं मारून. वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी काट्यापाशी बाया दोन किलो जास्तीचे मोजून घ्या म्हणून भांडतात, तेवढंच हे. कोक घेऊ नका. त्याच्याऐवजी उतरताना 50 हजार-एक लाख डोंग तिच्या हातात थेट द्या, आणि हे निघतानाच तिला बोटाने दाखवून सांगा. मग मधे कोणी काही विकायला येत नाही, तीच त्यांना परत पाठवते. हे मी करून पाहिलं आहे, दरवेळी चालतं.

आता हवा आणि जीव. ह्या बाबतीत मात्र पैशाचा विचार बाजूला ठेवा. वरुडच्या माणसाला मी काय सांगू, 2021 च्या सप्टेंबरात झुंजपाशी वर्धा नदीत डोंगा उलटून 11 माणसं गेली, तुमच्या उंबऱ्यापाशीच. हा लाँगला 2011 च्या फेब्रुवारीत मुक्कामाची बोट पहाटे, लोक झोपेत असताना, नांगर टाकलेल्या जागीच बुडाली, 12 जण गेले. 2018 च्या जुलैत फुकेतजवळ वादळात बोट उलटली, 47 चिनी प्रवासी गेले. 2025 च्या 19 जुलैला पुन्हा हा लाँगमध्येच अचानक आलेल्या वादळात पर्यटकांची बोट पालथी झाली, पस्तीसच्या वर माणसं गेली. जानेवारीत वादळाचा मोसम नसतो, तुम्ही चांगले दिवस निवडलेत. तरी चढल्याबरोबर लाइफ जॅकेट कुठे आहेत ते बघा, खोलीत माणशी एक आहे का मोजा, एकदा अंगावर बांधून बघा. पाण्याच्या पातळीजवळची खालची खोली देत असतील तर वरची मागा, त्यासाठी दहा डॉलर जास्त गेले तरी द्या. खिडकी उघडते का पाहा. आपल्यातल्या नऊपैकी किती जणांना पोहता येतं ते आधी खरंखरं विचारा. लोक सांगत नाहीत.

हवेच्या नावाने फसवणूकही होते, म्हणून फरक कळला पाहिजे. हवा खराब असली की बंदरखातं सगळ्याच बोटींना बंदी करतं. धक्क्यावर एकही बोट हलत नसेल तर बोटवाला खरं बोलतोय, त्याच्याशी वाद घालू नका, हॉटेल शोधा. बाकीच्या बोटी निघताहेत आणि फक्त तुमचीच 'हवेमुळे' रद्द, तर बहुतेकदा त्याच्या बोटीत माणसं भरली नाहीत, असा त्याचा अर्थ. तेव्हा पैसे मागायचे. आणि उलटं, कप्तान नाही म्हणत असताना 'आम्ही इतक्या लांबून आलो' म्हणून त्याच्यावर जोर करणारा गिऱ्हाईक मी पाहिला आहे. आपलाच होता.

फसलोच तर भांडायचं कसं, हे तुम्ही विचारलं. आवाज चढवून तर नाहीच. आपल्या बाजार समितीत आवाज चढला की अडत्या नरमतो. व्हिएतनाम-थायलंडमध्ये चारचौघांत ओरडलं की समोरचा माणूस कायमचा बंद होतो, कारण त्याची पत गेली, आता तो हरूच शकत नाही. हसत, हळू आवाजात, पण त्याच जागी उभं राहून तेच वाक्य चारदा म्हणायचं. ग्रुपमधला एकच माणूस बोलेल, बाकी आठ जण गप्प. हे ठरवून जा, कारण आपल्यात नऊचे नऊ बोलतात आणि समोरचा त्यातला सगळ्यात मऊ माणूस शोधून त्याच्याकडून पैसे काढतो.

रक्कम छोटी असेल, समजा माणशी पाचशे रुपयांपर्यंत, तर पाण्यावर वाद करू नका. द्या, पावती मागा, नाही दिली तर नोट देतानाचा फोटो काढा, उतरा. मोठी असेल तरी पाण्यावर नाही. काठावर उतरल्यावर, बॅगा आपल्या हातात आल्यावर. थायलंडमध्ये पर्यटक पोलिसांचा नंबर 1155, इंग्रजी बोलतात, आणि बऱ्याचदा फोन हातात घेऊन '1155' एवढं शांतपणे म्हटलं तरी भाव उतरतो. व्हिएतनाममध्ये पोलिसांआधी तुमच्या हॉटेलच्या काउंटरवरच्या पोरीला फोन लावा, ती तिच्या भाषेत दोन मिनिटांत जे करते ते तुम्ही दोन तासांत करू शकत नाही. म्हणून बोट शक्यतो हॉटेलमार्फत किंवा मोठ्या बुकिंग ॲपवरून घ्या. थोडे जास्त लागतील, पण काठावर तुमच्या बाजूने बोलणारं कोणीतरी राहतं, आणि वाईट शेरा पडेल ह्याची बोटवाल्याला भीती असते. कार्डाने पैसे दिले असतील आणि ठरलेली बोट मिळाली नसेल तर घरी आल्याबरोबर, महिनाभर न थांबता, बँकेत लेखी वाद नोंदवा. पावतीवरचं बोटीचं नाव आणि प्रत्यक्ष बोटीच्या नंबराचा फोटो, ह्या दोन कागदांवर ते पैसे परत येऊ शकतात. कार्ड घासताना मशीन 'रुपयात की डोंगमध्ये' विचारेल. डोंग म्हणा. रुपयात म्हटलं की भाव मशीनवाल्याचा लागतो. पासपोर्ट हरवला किंवा कोणी अडवून ठेवला तरच वकिलातीचं काम पडतं, हनोईत आपला दूतावास आहे, परराष्ट्र खात्याचं 'मदद' पोर्टलही आहे. निघायच्या आधी दोन्हींचे नंबर एका कागदावर लिहून प्रत्येकाच्या पाकिटात ठेवा. मोबाइल पाण्यात पडतो.

एक बारीकशी गोष्ट, तुमच्यात माळकरी असतील तर. तिकडे भाजीतही माशाचा सॉस टाकतात आणि 'व्हेज' म्हटलं तर होकारार्थी मान हलवतात. व्हिएतनाममध्ये 'अन चाय' म्हणा, म्हणजे शाकाहारी. आपल्याला चहा मागितल्यासारखं वाटतं, पण कळतं त्यांना. बुकिंगच्या वेळीच लिहून घ्या, नाहीतर बोटीवर 'स्पेशल मील'चे वेगळे पैसे लागतात.

तर आता त्या 60 डॉलरवाल्याला आजच बोटीचं नाव आणि नंबर विचारा. आला की त्या नावाचे फोटो मिळून पाहू. नाही आला तर दुसरा बघू, जानेवारीला अजून वेळ आहे. आणि स्वेटर न्या, आपल्या लोकांना वाटतं समुद्र म्हणजे उकाडा. जानेवारीत तिकडे खाडीवर धुकं असतं, डेकवर सकाळी गार वारा झोंबतो, आणि ब्लँकेट स्वस्त बोटीवर एकच देतात.